चपळाईची परिभाषा

एरवी आमच्या वाट्याला या साप्ताहिकातले पाऊण पान येते, आणि तेही राशिभविष्याच्या शेजारी. दिवाळी अंकात मात्र संपादकांचा हात थोडा सैल सुटतो. तेव्हा टपालात बरेच दिवस पडून असलेल्या एका पत्राला या वेळी सवडीने उत्तर द्यायचे ठरवले आहे. पत्र डोंबिवलीच्या एका वाचक भगिनींचे आहे. त्यांचा मुलगा संगणकाच्या कंपनीत आहे. रोज सकाळी साडेनऊला "आता माझा स्टँडअप आहे, मिक्सर लावू नका" असे बजावतो आणि पलंगावर मांडी घालून बसतो. दर पंधरा दिवसांनी "स्प्रिंट संपला" म्हणतो. पण त्याला धावताना घरात कोणीच पाहिलेले नाही. अधूनमधून खोलीतून 'स्टोरी', 'पॉइंट', 'पोकर' असे शब्द ऐकू येतात. पत्राच्या शेवटी त्यांनी काकुळतीने विचारले आहे की, हा नोकरीच करतो ना?

भगिनींनी निश्चिंत असावे. तो नोकरीच करतो आहे आणि त्या पोकरात पैसे लावत नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत कचेऱ्या उठून घराघरांत आल्या. तोवर हिंजवडीच्या नाहीतर ऐरोलीच्या काचेच्या इमारतींत बंद असलेली ही भाषा तेव्हापासून आपल्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येऊ लागली. 'अजाइल' या नावाने ती ओळखली जाते. अजाइल म्हणजे चपळ. संगणकाचे प्रोग्रॅम कसे तयार करावेत याची ती एक रीत आहे. तिचे शब्द ऐकून हसू येते खरे. पण ती एका जुन्या दुखण्यावरचा उपाय म्हणून निघाली, आणि ते दुखणे काही हसण्यासारखे नव्हते.

पूर्वीची रीत घर बांधण्यासारखी होती. गिऱ्हाइकाने काय हवे ते सांगायचे, ते सगळे लिहून काढायचे, त्यावर दोन्ही पक्षांच्या सह्या व्हायच्या. मग आराखडा, मग बांधकाम, मग तपासणी आणि सर्वांत शेवटी वास्तुशांत. एक पायरी उतरली की पुन्हा वर चढणे नाही, म्हणून या पद्धतीला 'वॉटरफॉल' म्हणजे धबधबा असे नाव पडले. विन्स्टन रॉइस नावाच्या अमेरिकन गृहस्थांच्या १९७० सालच्या एका निबंधाकडे तिचे पितृत्व जाते. गंमत अशी की, रॉइससाहेबांनी या पायऱ्यांचे चित्र काढले आणि पाठोपाठ लिहिले की असे करणे धोक्याचे आहे, यात काम फसण्याचा संभव फार. धबधबा हा शब्दही त्या निबंधात नाही. लोकांनी चित्र तेवढे उचलले, मजकूर वाचण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही.

घराच्या बाबतीत ही रीत चालते, कारण दिवाणखाना केवढा हवा हे माणसाला आधी सांगता येते. प्रोग्रॅमचे तसे नाही. तो हाती येऊन चार दिवस वापरून पाहीपर्यंत आपल्याला नक्की काय हवे होते हे गिऱ्हाइकालाच उमगत नाही. आणि उमगते तेव्हा दोन वर्षे आणि सगळे पैसे संपलेले असतात.

हे मर्म आपल्या घरातल्या बायकांना कोणी शिकवावे लागत नाही. भाजणी दळून आली, पीठ मळून झाले, म्हणून कोणी सगळ्या पिठाच्या चकल्या एकदम तळून मोकळी होत नाही. आधी एकच चकली तेलात सोडायची. विरघळू लागली तर मोहन जास्त झाले, दगडासारखी झाली तर कमी पडले. मोडून, चाखून, पीठ सुधारून मगच पुढचा घाणा. अजाइलवाल्यांनी जगाला जे सांगितले त्याचा गाभा एवढाच आहे. थोडे करा, ज्याला खायचे आहे त्याला चाखायला द्या आणि त्याच्या तोंडाकडे बघून पुढचे करा.

ही चाखण्याची पायरी गाळली म्हणजे काय होते त्याचे एक मोठे उदाहरण अमेरिकेच्या एफ.बी.आय. या तपास खात्याचे आहे. कागदी फायली जाऊन सगळे तपासकाम संगणकावर यावे म्हणून त्यांनी एक प्रोग्रॅम करवून घेतला. २००५ साली तो टाकून द्यावा लागला, आणि त्याबरोबर सुमारे १७ कोटी डॉलर. मग 'सेंटिनेल' नावाने नवा घाट घातला. कंत्राट दिले, टप्पे ठरले, एकूण अंदाज ४५ कोटी १० लाख डॉलरचा. २०१० च्या ऑगस्टपर्यंत त्यांतले सुमारे ४० कोटी ५० लाख संपले होते आणि चारांपैकी दोनच टप्पे हाती आले होते. तेव्हा खात्याने काम स्वतःकडे घेतले. माणसे वाढवली नाहीत, उलट पुष्कळ कमी केली. कामाचे लहान लहान तुकडे पाडले आणि दर दोन आठवड्यांनी जे झाले असेल ते चालवून दाखवायचे असा नेम ठेवला. २०१२ च्या जुलैत सेंटिनेल सर्व खात्यात सुरू झाला. माणसे कमी करून काम लवकर होते हे ऐकून कोणाला आश्चर्य वाटेल. पण फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ सालीच लिहून ठेवले होते की, उशीर झालेल्या प्रोग्रॅमवर आणखी माणसे लावली तर उशीर वाढतो. नव्याला जुन्याने शिकवायचे, आणि तेवढा वेळ जुन्याचे काम बंद!

या रीतीचे बारसे झाले ते २००१ च्या फेब्रुवारीत. अमेरिकेच्या युटा राज्यात बर्फाच्या डोंगरात स्नोबर्ड नावाचे ठिकाण आहे. तेथे सतरा जण तीन दिवस जमले. सगळे पुरुष, एकही बाई नव्हती, हे आम्ही मुद्दाम नोंदवतो. प्रत्येकाची स्वतःची एकेक रीत होती आणि सगळ्यांना मिळून 'लाइटवेट', म्हणजे वजनाला हलक्या पद्धतीवाले, असे म्हणत. ॲलिस्टेर कॉबर्न म्हणाले, पद्धत हलकी म्हटलेली चालेल, पण हलक्या माणसांच्या बैठकीला गेलो असे ऐकून घ्यायला बरे वाटत नाही. म्हणून मग अजाइल हे नाव निघाले. त्यांनी चार ओळींचा जाहीरनामा काढला. नियम आणि हत्यारे यांच्यापेक्षा माणसे व त्यांचे आपसातले बोलणे मोलाचे. जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालता प्रोग्रॅम मोलाचा. करारातल्या कलमांवर भांडण्यापेक्षा गिऱ्हाइकाबरोबर बसून काम करणे मोलाचे. आणि ठरलेल्या बेताला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला तोंड देणे मोलाचे. खाली प्रामाणिकपणे असेही म्हटले आहे की दुसऱ्या बाजूच्या गोष्टींनाही किंमत आहे, फक्त पहिल्यांना जास्त. ही खालची ओळ अनेकांनी वाचलेली दिसत नाही. रॉइससाहेबांच्या मजकुराचे झाले तेच.

आता शब्दांकडे वळू. 'स्क्रम' हा रग्बीतला शब्द. ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी प्राध्यापकांनी १९८६ साली होंडाची मोटार, कॅननचा कॅमेरा अशा वस्तू कशा तयार झाल्या ते पाहून एक लेख लिहिला. त्यांचे म्हणणे असे की, चांगली माल काढणारी मंडळी रिले शर्यतीसारखी दांडू हातात देऊन बाजूला होत नाहीत. रग्बीसारखी सगळी मिळून चेंडू एकमेकांकडे देत पुढे सरकतात. आपण कबड्डीतली साखळी डोळ्यांपुढे आणावी. एकाने हात सोडला की गडी निसटलाच. तो शब्द घेऊन जेफ सदरलँड आणि केन श्वाबर यांनी १९९५ साली आपली पद्धत मांडली. तिच्यात एक 'स्क्रम मास्टर' असतो. आमच्याकडे मास्तर व्हायचे तर ट्रेनिंग कॉलेजात दोन वर्षे काढावी लागत; येथे दोन दिवसांच्या वर्गात प्रमाणपत्र मिळू शकते. मात्र हा मास्तर छडीवाला नव्हे. लग्नघरात एक काका असतात पाहा, ज्यांचा हुकूम कोणावर चालत नाही. पण गुरुजींचा पाट कुठे आहे, गॅस संपला तर दुसरा कोणाकडून आणायचा, हे सगळे तेच निस्तरतात. स्क्रम मास्टरने तसे असावे अशी अपेक्षा आहे. काही ठिकाणी त्या काकांचा मुकादम होतो, ती गोष्ट निराळी.

'स्प्रिंट' म्हणजे कामाची एक मुदत. जास्तीत जास्त महिना, बहुधा दोन आठवडे. करायच्या कामांची लांबलचक यादी असते, तिला 'बॅकलॉग' म्हणतात. तिच्यातली वरची चार कामे उचलायची आणि मुदतीत पुरी करून दाखवायची. या मुदतीची खरी खुबी अशी की, मध्येच कोणी येऊन नवे काम घुसडून ठरलेला हेतू उधळायचा नाही. ज्या सुनेला भाजी चिरताना "तेवढा चहा टाक गं" आणि चहा टाकताना "तेवढा फोन घे गं" असे ऐकावे लागते, तिला या नियमाची थोरवी समजावून सांगायला नको. नाव मात्र आमच्या मते साफ चुकले आहे. शंभर यार्ड जीव तोडून धावणारा मनुष्य शर्यत संपली की बसतो, लिंबू सरबत पितो. येथे शुक्रवारी एक स्प्रिंट संपतो आणि सोमवारी दुसरा लागतो, वर्षाला सव्वीस. वास्तविक स्नोबर्डच्या मंडळींच्या बारा तत्त्वांत स्पष्ट आहे की, कामाची गती कायम टिकेल अशीच असावी. त्यांतलेच केंट बेक यांनी 'एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग' नावाची पद्धत काढली. तिच्यावरच्या १९९९ च्या पुस्तकात आठवड्याला चाळीसच तास काम हा एक नियम होता. स्प्रिंट हा शब्द आपल्या घरांत पोचला. चाळीस तासांचा नियम वाटेत कुठे सांडला कोण जाणे.

'स्टँडअप' म्हणजे रोजची पंधरा मिनिटांची बैठक. ती उभ्याने घ्यायची ती पाय दुखले म्हणजे भाषणे आटोपतात म्हणून. पलंगावर मांडी घातली की हा गुण जातो, आणि पंधराची पन्नास मिनिटे होतात. काल काय केले, आज काय करणार, कुठे अडले आहे, हे तीन प्रश्न वर्षानुवर्षे विचारले गेले. स्क्रमच्या अधिकृत पुस्तिकेने २०२० च्या आवृत्तीत ते काढून टाकले. बैठक असते ती काम करणाऱ्यांनी एकमेकांशी बोलण्यासाठी, साहेबाला हिशेब देण्यासाठी नव्हे.

आणि आता पोकर. आम्हाला या सगळ्या परिभाषेत हा खेळ सर्वांत आवडला. एखादे काम किती अवघड आहे हे ठरवायचे असते. कामाला 'स्टोरी' म्हणतात, कारण ते वापरणाऱ्याच्या तोंडून गोष्टीसारखे सांगायचे: "मला घरबसल्या विजेचे बिल भरता यावे." अवघडपणाचे माप म्हणजे 'पॉइंट'. प्रत्येकाच्या हातात पत्ते: १, २, ३, ५, ८, १३ असे. हे आकडे फिबोनाचीच्या नावाने प्रसिद्ध आहेत. पण त्याच्या आधी, बाराव्या शतकात, गुजरातच्या हेमचंद्राचार्यांनी मात्रावृत्ते मोजताना ते सांगितले होते. लघु-गुरूंनी चार मात्रा भरायच्या तर पाच तऱ्हा, पाच भरायच्या तर आठ. असो. गोष्ट वाचली की प्रत्येकाने आपला पत्ता पालथा ठेवायचा आणि मग सगळ्यांनी एकदम उलटायचा. जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ साली ही युक्ती लिहून काढली. पालथे का? तर आधी थोरल्याने "तीन" म्हटले की धाकटे सगळे "तीनच, तीनच" म्हणतात. आपल्या घरांत लग्नाचा खर्च काढायला बसतात तेव्हा नेमके हेच होते. अण्णा म्हणतात आठ लाख. धाकट्या काकूला आतून ठाऊक असते की बारा लागणार. पण बोलायचे कोणी? पत्ते पालथे असले तर काकूचा तेरा आणि अण्णांचा पाच एकदम समोर येतात. ज्याचा आकडा सर्वांत मोठा आणि ज्याचा सर्वांत लहान, त्या दोघांनी कारण सांगायचे, आणि मग पत्ते पुन्हा टाकायचे.

म्हणजे या खेळातला आकडा हे एक निमित्त. काल लागलेल्या पोराला जे दिसते ते त्याने बोलून दाखवावे यासाठी ही सगळी मांडणी. पण आकडा दिसला की बेरीज करण्याचा मोह कोणाला आवरतो? एका स्प्रिंटमध्ये किती पॉइंटचे काम झाले, त्याला 'व्हेलॉसिटी', म्हणजे वेग, म्हणू लागले. मग वरच्या मजल्यावरून विचारणा: गेल्या खेपेला तीस होते, या खेपेला चाळीस का नकोत? चाळीस होतात. कालपर्यंत तीन पॉइंटला मिळणारे काम आज पाचाला मिळू लागते. कांद्याचा भाव चढावा तसा पॉइंटचा चढतो आणि पिशवीत कांदे तेवढेच. सतरांपैकी एक, रॉन जेफ्रीज, यांनी पुढे लिहिले की पॉइंट कदाचित आपणच शोधून काढले असतील, आणि तसे असेल तर आपल्याला त्याचे वाईट वाटते. सतरांतलेच डेव्ह थॉमस २०१४ साली म्हणाले की, अजाइल हे विशेषण होते, लोकांनी त्याचे नाम करून विकायला काढले. व्याकरणाच्या मास्तरांना हे ऐकून धन्य वाटेल.

एक शब्द मात्र मध्यमवर्गाला न शिकवता कळेल: 'टेक्निकल डेट', कामातले कर्ज. वॉर्ड कनिंगहॅम पैशांच्या गुंतवणुकीचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम करत होते. घाईने केलेले काम नंतर पुन्हा नीट का करावे लागते हे पैशांच्या भाषेत सांगावे म्हणून १९९२ साली त्यांनी ही उपमा दिली. कर्ज काढणे वाईट नाही. बिऱ्हाड लवकर थाटता येते. हप्ते चुकवले की मात्र व्याजातच पगार संपतो. तसे अर्धवट समजुतीने केलेले काम सुधारले नाही की पुढच्या प्रत्येक कामाला दुप्पट वेळ लागतो.

आपल्याकडे ही रीत आली तेव्हा तिची थोडी ओढाताण झाली. आमच्या कंपन्या वाढल्या त्याच कागदपत्रांच्या शिस्तीवर. गिऱ्हाईक सात समुद्रांपलीकडे. सगळे लिहून घेतल्याशिवाय इलाज नव्हता. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संस्थेने कामाच्या शिस्तीच्या पाच पायऱ्या ठरवल्या होत्या. त्यांतल्या पाचव्या पायरीवर २००० सालच्या सुमारास पोचलेल्यांत भारतीयांचा मोठा भरणा होता. आणि स्नोबर्डच्या मंडळींचे म्हणणे असे की, कागद कमी करा, समोरासमोर बसून बोला. समोरासमोर कसे बसणार? न्यूयॉर्कला सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळचे सात आणि हिवाळ्यात आठ. कॅलिफोर्नियाचे गिऱ्हाईक असेल तर रात्रीचे दहा नाहीतर अकरा. त्या वेळेला ताट वाढून वाट बघणाऱ्या घरांत स्टँडअपला वेगळी नावे आहेत. ती येथे छापता येणार नाहीत.

आमची एक भाची बाणेरला राहते. सात जणांच्या एका तुकडीची ती प्रमुख आहे. गेल्या वर्षी एक काम पाच दिवस अडून बसले होते. एका कर्जावरच्या व्याजाची आकारणी, अर्ध्या महिन्याचा हिशेब कसा करायचा एवढीच बाब. फळ्यावर 'अडले' असा एक रकाना असतो. पण चिठ्ठी तेथे लावली की वरिष्ठ कारण विचारतात, म्हणून ती 'चालू' मध्येच होती. रोज संध्याकाळी सगळे सांगत, "कालचेच पुढे चालू आहे." सहाव्या दिवशी लातूरकडचा एक मुलगा, नोकरीला लागून तीन आठवडे झालेले, बैठकीत म्हणाला की, हा हिशेब मला कालही कळला नव्हता आणि आजही कळलेला नाही. भाची सांगते की क्षणभर कोणाला काय बोलावे ते सुचेना. मग पलीकडून गिऱ्हाइकाच्या वतीने बोलणाऱ्या बाई म्हणाल्या की, आता तुम्ही विचारल्यावर मलाही कळेनासे झाले आहे. वीस मिनिटे चर्चा झाली. त्यांच्याच दोन खात्यांत दोन वेगळ्या रीती होत्या, असे निघाले. दुसऱ्या दिवशी दुपारी काम संपले.

पण त्या स्प्रिंटचे पॉइंट एकतीसवरून चोवीसवर आले, आणि महिन्याच्या तक्त्यात ते लाल शाईत उमटले. त्यातच त्या मुलाच्या सहा महिन्यांच्या उमेदवारीचा फॉर्म भरायची वेळ आली. फॉर्मात त्याने किती पॉइंट केले याला रकाना होता. त्या एका वाक्याला नव्हता. भाचीने रविवारी आमच्याकडे जेवायला आल्यावर तो फॉर्म लॅपटॉपवर उघडून दाखवला. "मामा, शेऱ्याला दोनशेच अक्षरं आहेत," म्हणाली. आम्ही दोघांनी बसून ती वीस मिनिटे त्या दोनशे अक्षरांत बसवली. विशेषणे काढली, तारीख ठेवली, गिऱ्हाइकाच्या बाई काय म्हणाल्या ते ठेवले.

मुलगा जुलैत कायम झाला. फळ्यावर 'अडले' च्या रकान्यात हल्ली दोन-तीन चिठ्ठ्या असतात. पॉइंट अजून सव्वीसच्या पुढे गेलेले नाहीत, आणि त्याबद्दल भाचीला दर महिन्याला खुलासा लिहावा लागतो.